६ रुपये ७८ पैशांत एक जेवण कसं शिजतं?

गावात या योजनेला तिच्या नावानं कुणीच ओळखत नाही. २०२१ पासून तिचं नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण', त्याआधी 'मध्यान्ह भोजन', आपल्याकडच्या शासन निर्णयांत 'शालेय पोषण आहार'. पण पालक, पोरं, मास्तर, सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, खिचडी. "खिचडीचं रजिस्टर आणा", "खिचडीवाल्या मावशी आज आल्या नाहीत", "आमचा बंड्या खिचडीपुरता शाळेत जातो". ताटात वरण-भात असो नाहीतर मटकीची उसळ, बोलण्यात ती खिचडीच.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं या जेवणातल्या अंड्याचा स्वतंत्र निधी थांबवला. त्यानंतर १ मेपासून केंद्रानं ताटामागचा दर वाढवून पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे केला. आमच्या पालकांच्या ग्रुपवर एकानं लगेच लिहिलं, "पावणेसात रुपयात कटिंग चहा येत नाही, जेवण कसलं देणार?" त्यावर दुसऱ्याचं उत्तर, "फुकट मिळतंय तर तक्रार कशाला?" पहिल्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्याचं साफ चूक.

काही वर्षं मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. तिथं बसून जे कळलं ते, आणि थोडा कायदा, थोडा हिशेब, असं मिळून हे लिहितो आहे.

आधी तांदूळ घरी यायचा

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्रानं ही योजना सुरू केली तेव्हा मी दुसरीत होतो. तेव्हा शाळेत काही शिजत नव्हतं. महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा आणि अट होती ८० टक्के हजेरीची. मास्तर वर्गाबाहेर तराजू मांडून बसायचे. आम्ही घरून आणलेल्या कापडी पिशव्या घेऊन रांगेत. पिशवीच्या तळाला भोक असलं की शाळेपासून घरापर्यंत तांदळाची रेघ आणि मागे कोंबड्या.

आमच्या घरात खाणारी सात तोंडं. आजी त्या तांदळाला कौतुकानं "पोराच्या शाळेचा तांदूळ" म्हणायची आणि सगळ्यांसाठी भात टाकायची. तिचं काय चुकलं? सात माणसांच्या घरात एकट्या पोरापुरता भात वेगळ्या पातेल्यात कोण शिजवेल? ३ किलोतला माझ्या पोटात जेमतेम अर्धा किलो गेला असेल, आणि तोही एक-दोन दिवसांत.

धान्य घरात गेलं की ते घराचं होतं. मुलाच्याच पोटात जायला हवं असेल, तर ते शिजलेलं आणि त्याच्यासमोर वाढलेलं असावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

दक्षिणेत हे फार आधी कळलं होतं. मद्रास महापालिकेनं १९२० च्या सुमारास थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाऊ घालायला सुरुवात केली, खर्चाची मर्यादा मुलामागे दिवसाला एक आणा. १९५६ मध्ये तिथले मुख्यमंत्री कामराज यांनी ते राज्यभर नेलं. १९८२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला तेव्हा मतांसाठीची उधळपट्टी म्हणून टीका झाली. तीच गोष्ट नंतर देशाला नमुना म्हणून दाखवली गेली, हा त्यातला विनोद.

उरलेल्या देशाला जाग आली ती सर्वोच्च न्यायालयामुळे. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, माणसं उपाशी होती आणि सरकारी गोदामं धान्यानं भरलेली होती. 'पीयूसीएल' या नागरी हक्क संघटनेनं याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयानं राज्यांना सांगितलं की पोतं नको, ताट द्या. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण, त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. एप्रिल २००४ मध्ये आणखी एक आदेश आला. स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्या, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवा.

मग २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा. त्याच्या ५ व्या कलमानं सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी एक मोफत जेवण हा हक्क दिला. म्हणून "फुकट आहे तर तक्रार कशाला" हे चूक. रेशनवर धान्य मिळालं नाही तर आपण तहसीलला जातो ना, तसंच हे. लग्नातलं जेवण बेचव निघालं तर गप्प बसावं, ते यजमानाचं असतं. हे यजमानाचं नाही.

ताटात किती, हे कोण ठरवतं?

उष्मांक म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजायचं माप. गाडीला लिटर, तसं शरीराला उष्मांक. प्रथिनं म्हणजे बांधकामाचं साहित्य, त्यातून स्नायू, रक्त, उंची घडते. कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली आहेत.

हे स्वयंपाकघराच्या भाषेत असं. लहान मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सगळं कच्चं, वजन करून. मोठ्या मुलासाठी याच्या दीडपट. १०० ग्रॅम तांदळातून साधारण साडेतीनशे उष्मांक येतात, डाळीतून सत्तरेक, तेलातून पंचेचाळीस. झाले साडेचारशे. प्रथिनांतली ७-८ ग्रॅम तांदळातून आणि उरलेली डाळीतून.

यात एक गंमत आहे. तांदळाच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी, तो तांदळात असतो. दोन्ही एका पातेल्यात पडले की एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण आजारी माणसाला मऊ खिचडीच द्यायच्या.

सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक लागतात. म्हणजे शाळेतलं ताट त्याच्या दिवसाच्या पावभर भुकेचं. बाकीचं घरानं द्यायचं, हे गृहीत आहे. पहाटे पाचला आई-बाप कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला गेले, घरात रात्रीची भाकरी आणि चटणी, अशा मुलासाठी ते पावभर ताट दिवसातलं पहिलं गरम अन्न असतं. 'पावभर' हा शब्द तिथं लागू पडत नाही.

हिशेब मांडून बघू

पहिली गोष्ट, ६ रुपये ७८ पैशांत तांदूळ नाही. तो केंद्र सरकार अन्न महामंडळाच्या गोदामातून वेगळा देतं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधनही त्यात नाही. या पैशांत डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन एवढंच. केंद्रानं २०२४ च्या दरांत धान्यासकट हिशेब सांगितला होता, तेव्हा लहान मुलाचं ताट साधारण १२ रुपये १३ पैशांना पडत होतं. त्यामुळे चहाची तुलना अर्धीच बरोबर. कटिंगच्या भावात जेवण शिजत नाही, पण दीड-दोन कटिंगच्या भावात शिजतं. त्यानं फार बरं वाटावं असं नाही.

आता शाळेत चला. आमच्या तालुक्यात वस्त्यांवर १०-१२ पटाच्या शाळा कितीतरी आहेत. धरा, १२ मुलं. दिवसाचे मिळाले ८१ रुपये ३६ पैसे. डाळ लागली २४० ग्रॅम, १२० रुपये किलोनं धरली तर २८ रुपये ८० पैसे. भाजी ६०० ग्रॅम, ५० रुपये किलोनं ३० रुपये. तेल ६० ग्रॅम, ९ रुपये. बेरीज ६७ रुपये ८० पैसे. उरले साडेतेरा रुपये. त्यात मीठ, हळद, तिखट, मोहरी, जिरं आणि गॅस. १२ जणांचा भात आणि वरण शिजायला लागणारा गॅस एकटाच हे साडेतेरा रुपये खातो. मग हळद कुठून आणायची?

हाच हिशेब १२० मुलांच्या शाळेत दहापट होतो, गॅस मात्र दहापट लागत नाही. मोठं पातेलं मुलामागे कमी गॅसवर शिजतं. म्हणून मोठ्या शाळेत तोच दर कसाबसा पुरतो आणि वस्तीवरच्या शाळेत मावशी सरपण गोळा करतात, नाहीतर भाजीत बटाटे वाढतात आणि पालेभाजी गायब होते. दर ठरवताना कुणी बेईमानी केलेली नाही. सरासरी काढली, आणि सरासरी नेहमी लहान शाळेलाच मारते.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी डाळ, तेल, मसाला हा माल निविदा काढून नेमलेला पुरवठादार पोचवतो आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे तेवढे शाळेच्या खात्यावर येतात. येतात म्हणजे, येतात कधीतरी. मला माहीत असलेल्या एका शाळेत मुख्याध्यापकांचं गावातल्या किराणा दुकानात खातं आहे, वहीवर नाव शाळेचं आणि उधारी सरांची. बाजारच्या दिवशी भाजीवालीपाशी सर उभे राहिले की ती आधी मागची बाकी विचारते. हा खर्च कुठल्याच शासन निर्णयात नाही.

आणि मावशी. नियमानुसार २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभरामागे एक. कागदावर त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस', म्हणजे नोकर नाहीत, म्हणून पगार नाही, मानधन. केंद्रानं २००९ मध्ये ठरवलेले महिना १००० रुपये, त्यातही केंद्र-राज्य वाटा ६०-४०. महाराष्ट्रानं स्वतःची भर घालून ते २५०० केले. तेही वर्षातले १० महिने, कारण सुट्टीत शाळा नाही तर स्वयंपाकही नाही. तांदूळ निवडण्यापासून ताटं-पातेली घासण्यापर्यंत चार-पाच तास जातात. त्याच वेळात शेतात खुरपायला गेलं तर हाताला याहून जास्त पडतं. तरी त्या का येतात, असं मी एकदा विचारलं. "माझा नातू इथंच आहे की," असं उत्तर आलं. या योजनेतली सर्वांत मोठी सवलत सरकार देत नाही, या बायका देतात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तांदळात प्लास्टिक असतं का?

नसतं. हा प्रश्न मला समितीच्या बैठकीत इतक्यांदा ऐकायला मिळाला आहे की वेगळा मथळा दिला. २०२१ मध्ये पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केल्यानंतर सरकारी योजनांच्या तांदळात पोषणवर्धित दाणे मिसळायला सुरुवात झाली. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचं, ते यंत्रातून शेवयांसारखं दाबून त्याला तांदळाचा आकार द्यायचा, आणि १०० किलो साध्या तांदळात असे १ किलो दाणे टाकायचे. हे दाणे थोडे पिवळट असतात आणि पाण्यात टाकले की तरंगतात. मावशी तांदूळ धुताना ते वर आले की निवडून फेकायच्या. म्हणजे जे पोरांच्या रक्तासाठी घातलं ते कोंबड्यांना. कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्या दुसरं काय करणार?

गरजूंनाच द्या ना, सगळ्यांना कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि वरवर पाहता रास्त आहे. सरपंचाचा नातू आणि मजुराची मुलगी एकाच रांगेत का? त्या नातवाचे वाचवून मुलीला दोन अंडी द्या.

करून बघू. आधी गरजू कोण ते ठरवावं लागेल. त्यासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी तलाठी, तलाठ्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवणं. दारिद्र्यरेषेच्या यादीत कुणाची नावं होती आणि कुणाची नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीवरून अर्ध्या वर्षात परत आलेल्या पोराकडे तर कुठलाच कागद नसतो, आणि त्याच्याइतका गरजू दुसरा कुणी नसतो.

समजा यादी बिनचूक निघाली. घंटा झाल्यावर यादीतली मुलं उठणार आणि बाकीची बघणार. आठ-नऊ वर्षांच्या पोराला गरिबी म्हणजे काय ते कळत नसेल, पण आपल्याकडे बघतायत हे बरोबर कळतं. चार दिवसांनी ते "भूक नाही" म्हणायला लागतं. ज्यांच्यासाठी योजना, तेच तिच्यापासून पळतात.

पंगतीचा नियम आपल्याला नव्यानं शिकवायला नको. भंडाऱ्यात कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. सगळ्यांना सारखं वाढलं की कुणाचं ताट भीक ठरत नाही. ज्या गावात आजही पाणवठ्याची आठवण बुजलेली नाही, तिथं सगळ्या आळ्यांतली मुलं एका रांगेत बसतात आणि एका हातचं खातात, याची किंमत उष्मांकांत मोजता येत नाही. हे सहज घडतं असंही नाही. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचं खायला सवर्ण मुलांनी नकार दिला होता. आपल्याकडे असं होत नाही, असं छातीठोक सांगायची माझी तयारी नाही.

शिवाय सरपंचाचा नातू रांगेत असण्याचा एक रोकडा फायदा आहे. खिचडीत अळी निघाली तर मजुराची मुलगी घरी सांगते आणि विषय तिथंच संपतो. नातवानं सांगितलं की त्याच दुपारी शाळेत माणूस येतो.

आणि एरवीही एक निवड होऊनच जाते. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुलं बहुतेक पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात, तिथं ही योजना नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत उरतात ती कोण, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्यात पुन्हा चाळण लावण्यात काय हशील?

मग पैसेच खात्यात टाका

माझ्या कापडी पिशवीची गोष्ट इथं परत येते. खात्यातले पैसेही घराचेच होतात. पण त्याआधीचा एक अनुभव सांगतो. करोनाकाळात शाळा बंद होत्या. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीच्या आहाराची रक्कम मुलांच्या खात्यात द्यायचं ठरलं. ३५ दिवसांचे मिळून पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४. त्यासाठी मुलाचं आधारला जोडलेलं बँक खातं हवं. टाळेबंदीत बँकेपर्यंत जायला भाडं, फोटो, झेरॉक्स आणि खातं उघडायला बँक सांगेल ती शिल्लक. दीडशे रुपये घ्यायला पाचशे खर्च करायचे, असं पालक शिक्षकांना ऐकवत होते, आणि शिक्षकांकडे उत्तर नव्हतं.

अंड्याचं काय झालं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय घेतला, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंडं आणि गोड पदार्थाची साखर यांसाठी सरकार वेगळे पैसे देणार नाही, हवं तर लोकवर्गणीतून करा, असं सांगण्यात आलं.

अंडं एवढं महत्त्वाचं का? एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या ताटातल्या ठरलेल्या प्रथिनांच्या निम्मी. ती शरीराला सहज लागतात. सोबत अ आणि ब-१२ जीवनसत्त्व, जे साध्या डाळ-तांदळात जवळपास नसतं. आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट. डाळीत पाणी घालता येतं, दुधात घालता येतं, अंड्यात घालता येत नाही. मुलाच्या हातात आख्खं अंडं आहे की नाही, हे दारातून जाणाऱ्या माणसालाही दिसतं.

"आमच्या मुलानं अंडं खाऊ नये" असं म्हणणाऱ्या पालकाचा आदर ठेवायलाच हवा आणि केळ्याची सोय त्यासाठीच होती. पण एकाच्या मुलानं खायचं नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलालाही मिळू नये, हा आदर नव्हे. तमिळनाडूत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. कर्नाटकात एका मोठ्या खासगी प्रतिष्ठानच्या मदतीनं सहा दिवस. आपल्याकडचं कारण मुख्यतः पैशाचं सांगितलं गेलं. ते खरं मानलं, तरी लोकवर्गणीचा पर्याय मला पटत नाही. जिथं वर्गणी गोळा होते तिथं मुलांना अंड्याची तितकीशी गरज नसते. ऊसतोड्यांच्या तांड्यावर वर्गणी कोण देणार? वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला शाळेत जेवण द्यायची 'स्नेहभोजन' नावाची चांगली प्रथा आहे, ती जरूर चालावी. वर्षातून दोनदा मिळणाऱ्या जिलेबीवर मुलाचं हाड वाढत नाही, एवढंच.

हे का बोचतं, त्याला एक आकडा पुरेसा आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आढळली. त्यातली बहुतेक मुलं आता शाळेत आहेत.

मास्तरांनी शिकवायचं की तांदूळ मोजायचा?

शिकवायचं. या आक्षेपावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी साठ्याची नोंदवही, रोजची ऑनलाइन हजेरी आणि भाजीची पावती यांत असतील, तर चार वर्ग दुसऱ्यांच्या गळ्यात. ही कामं बचत गटाकडे किंवा वेगळ्या माणसाकडे द्यायला हवीत आणि त्यासाठी पैसे मोजायला हवेत. पण गुरुजींचा वेळ जातो म्हणून खिचडी बंद करा, हे म्हणणं छप्पर गळतं म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

शहरांत यावर मध्यवर्ती स्वयंपाकगृहाचा उपाय काढला. एका ठिकाणी हजारो मुलांचं शिजवायचं आणि टेम्पोनं शाळाशाळांत पोचवायचं. शाळेत धूर नाही, धावपळ नाही. तोटा एवढाच की पहाटे शिजलेली खिचडी मधल्या सुट्टीपर्यंत इतकी घट्ट होते की वडीसारखी कापता यावी.

खाऊन पोरं आजारी पडतात, त्याचं काय?

पडतात, आणि १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात २३ मुलं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आलं होतं. ज्यांच्या घरात फवारणीचा डबा असतो त्यांना हे नाव माहीत आहे. त्यानंतर २०१५ चे नियम आले. मुलांना वाढायच्या आधी किमान एका शिक्षकानं चाखायचं आणि नोंद करायची. नमुने प्रयोगशाळेत तपासायचे. कोणत्याही कारणानं जेवण दिलं गेलं नाही तर मुलाला त्या दिवसाचं धान्य आणि पैसे भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचे. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदार कोण ते राज्य सरकारनं ठरवायचं. हा भत्ता मागितलेला पालक मी अजून पाहिलेला नाही. तो असतो, हेच ठाऊक नसतं.

एवढं करून फरक पडतो का?

मोजलेलं आहे. शाळेतल्या जेवणाचा पाच वर्षांपर्यंत लाभ मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षाहून कमी लाभ मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले, असं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. पण मला जास्त विचारात पाडलं ते २०२१ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासानं. त्यांनी मुलांना नाही, मुलांच्या आयांना मोजलं. ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं होतं, त्या मोठ्या होऊन आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंची जास्त भरली. २००६ ते २०१६ या काळात देशातल्या लहान मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज. मुली शाळेत टिकल्या, लग्न उशिरा झालं, बाळंतपणं दवाखान्यात झाली, अशा वाटांनी ते ताट पुढच्या पिढीपर्यंत पोचलं.

हे वाचल्यावर आमच्या समितीतल्या एका आजोबांचं बोलणं आठवलं. ते म्हणाले होते, "पेरलेलं लगेच उगवतंय का बघायला रोज माती उकरू नये."

नववीपासून काय?

काहीच नाही. कायदा आठवीला थांबतो. भूक थांबत नाही, उलट तेरा-चौदाव्या वर्षी मुलीचं अंग भरायला लागतं तेव्हाच तिला लोह आणि प्रथिनं सर्वांत जास्त लागतात. ज्या शाळेत पाचवी ते दहावी एकाच आवारात आहे तिथं हे रोज दिसतं. घंटा होते, आठवीपर्यंतची मुलं ताटं घेऊन धावतात आणि नववीच्या मुली नळापाशी जाऊन पाणी पितात. पातेल्यात उरलं तर मावशी हाक मारतात. नियमात ते बसत नाही.

पालकांना शेवटचं एक सांगतो. पुढच्या वेळी शाळेत गेलात की चव नोंदवही मागा. ती दाखवावीच लागते. चाखणाऱ्याचं नाव, वेळ आणि शेरा बघा. आमच्याकडे एकदा अख्ख्या महिन्याचा शेरा 'उत्तम' होता, सगळा एकाच पेनानं, एकाच वळणाचा, आणि त्यात दोन रविवारही होते.